विहिरीसमोरची चाळीस पावलं

माझ्या मामीला डाग दिसतो. म्हणजे दिसतो सगळ्यांनाच, पण तिला तो पडायच्या आधी दिसतो. जेवताना समोरच्याने वाटी जराशी तिरकी धरली की ती त्याच्या शर्टाकडे बघायला लागते, आणि तो बिचारा त्या नजरेनेच बिचकून खरोखर सांडतो. मग मामी शांतपणे म्हणते, काढ तो, ओला आहे तोवर निघेल. आमच्याकडे पाहुण्याने बनियनवर जेवण पुरं केल्याचे तीन प्रसंग तर मी स्वतः पाहिले आहेत. त्या पाहुण्यांतले एक पालिकेचे इंजिनिअर होते.

मामी लॉन्ड्री चालवायची. आमचं बेट लहान. एका टोकाला धक्का, बाजार आणि पालिकेचं कार्यालय. दुसऱ्या टोकाला किनाऱ्याच्या कडेने गेलेली वीस-बावीस घरांची गल्ली, आणि त्या गल्लीत मामीचं घर शेवटचं. पुढची खोली म्हणजे दुकान. तिथे जुनं ब्लँकेट अंथरलेलं लांब टेबल, दोन इस्त्र्या आणि भिंतीला चार खण, बेटावरच्या चार लॉजचे. मागे अंगणात सिमेंटचे तीन हौद: पहिला साबणाचा, दुसरा खळबळायचा, तिसरा निळीचा. हौदांपलीकडे दोऱ्या, दोऱ्यांपलीकडे विहीर, विहिरीपलीकडे वाळूची टेकडी आणि टेकडीपलीकडे समुद्र.

समुद्रापासून शंभर पावलांवरची ही विहीर गोड होती. नव्या माणसाला हे खरं वाटायचं नाही. मग मामा त्याला समजावून सांगायचा, की पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, दुधावर साय असते तसं. साय ढवळली जाऊ नये म्हणून पुढे टेकडी उभी आहे. सगळी गल्ली तेच पाणी प्यायची आणि मामीचे तिन्ही हौद त्याच पाण्याने भरायचे.

मामा होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्यामुळे घरात त्याचा साबण वेगळा, टॉवेल वेगळा, टॉवेलाचा खिळासुद्धा वेगळा. लग्नाला तीस वर्षं झाली, पण मामाचा टॉवेल मामीच्या टॉवेलाला अजून शिवलेला नाही. मामा म्हणतो, आमचा संसार सुखाचा झाला तो त्या दोन खिळ्यांमुळे.

अकरा वर्षांपूर्वी एका वादळाने किनाऱ्यावर इतका कचरा आणून टाकला की वाळू दिसेना. बाटल्या, तुटकी जाळी, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, चपला (का कोण जाणे, बहुतेक डाव्या पायाच्याच) आणि एक अख्खा फ्रिज. पालिका म्हणाली, माणसं नाहीत. मामी दुसऱ्या दिवशी सकाळी गोणी घेऊन एकटीच उतरली. तिने कुणाला बोलावलं नाही. फक्त भरलेली गोणी नेताना ती गल्लीतून नेमकी दगडांवरून, खडखडाट करत ओढायची. तिसऱ्या दिवशी शेजारीण खाली आली, चौथ्या दिवशी शाळेतून निवृत्त झालेले हेडसर आले, आणि आठवड्याभरात सगळी गल्ली वाळूत वाकलेली होती.

त्यातून आमचं किनारा रक्षण मंडळ निघालं. बाजारातले लोक त्याला झाडू कंपनी म्हणायचे. हेडसर अध्यक्ष झाले आणि अक्षर बरं म्हणून मला चिटणीस केलं. मी धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत बसतो. दोन लाँचच्या मधल्या वेळात मंडळाचे अर्ज, ठराव, सूचना सगळं मीच लिहायचो. दर रविवारी सकाळी सात ते दहा काम. आणि काम चांगलं होतं, हे मी आजही म्हणेन. त्या जाळ्यांच्या गुंत्यातून आम्ही दोनदा जिवंत कासवं सोडवली आहेत. पोरं अनवाणी खेळायला लागली. काचेने पाय कापून दवाखान्यात जाणं बंद झालं.

पण मामीच्या स्वच्छतेला थांबायचं कुठे ते कळत नाही. बाटल्या संपल्या, जाळी संपली. मग तिची नजर शेवाळावर गेली. भरतीबरोबर तपकिरी शेवाळाचे पट्टे किनाऱ्याला लागायचे, उन्हात कुजायचे, माशा जमायच्या. ते काढायला लागलो. मग वाळक्या काड्या, शेंगा, पानं. मग टेकडीवरून वाळूत उतरणारी मर्यादवेल, कारण ती आडवीतिडवी पसरायची आणि सगळ्यात मोठ्या लॉजचा मालक म्हणायचा की पाहुणे तिच्यात अडखळून पडतात. एक पाहुणा पडला होता हे खरं आहे. तो वेलीशिवायही पडला असता अशा अवस्थेत होता, पण ते इतिवृत्तात घेतलं नाही.

किनारा कसा, इस्त्री फिरवल्यासारखा हवा, असं मामीचं म्हणणं. साध्या दाताळ्यातून शेवाळाचे धागे निसटायचे. तेव्हा तिने मामाकडून नवं दाताळं करून घेतलं. एक माणूस आडवा झोपेल एवढी लोखंडी पट्टी आणि तिला करंगळीच्या अंतरावर जोडलेले दात. मामा म्हणाला, एवढे जवळ कशाला, वाळूच वर येईल. मामीने आपली फणी आणून त्याच्यापुढे धरली आणि सांगितलं, असे हवेत. दोन माणसांनी ते ओढलं की मागे नुसत्या समांतर रेघा उरायच्या. जमलेलं सगळं हातगाडीवर घालून आम्ही धक्क्यामागच्या खड्ड्यात टाकायचो. समुद्रापलीकडच्या शहरातला वार्ताहर येऊन फोटो काढून गेला. पालिकेने फलक लावला, त्यावरचा मजकूर माझा आहे: या किनाऱ्यावर आपल्याला एक काडीही दिसणार नाही. तेव्हा मला ते वाक्य फार आवडलं होतं.

गल्लीतून वाळूत उतरायला दगडी पायऱ्या आहेत. मी शाळेत होतो तेव्हा तीन दिसायच्या. मंडळाच्या चौथ्या वर्षी पाच झाल्या, सातव्या वर्षी आठ. म्हणजे पायऱ्या वाढल्या नव्हत्या, वाळू खाली गेली होती. पुढे शेवटची पायरी अधांतरी लोंबायला लागली आणि मामाने तिला खालून लोखंडी शिडी जोडून दिली. टेकडीचंही तसंच. पूर्वी अंगणातून समुद्र दिसायचा नाही, मग चादरी वाळत घालताना लाटेचा पांढरा काठ दिसायला लागला.

आम्ही म्हणालो, समुद्र चढतोय. ते खरंही होतं आणि सोयीचंही. मी एकूण चौदा अर्ज लिहिले. दोन उत्तरं आली, त्यातलं एक दुसऱ्याच बेटाच्या नावाचं होतं. शेवटी वाळूच्या पिशव्या आल्या. दोन उधाणांत फाटल्या, आणि पुढचे सहा रविवार आम्ही त्या पिशव्यांच्या चिंध्या गोळा करत होतो. बाकी दाताळं चालूच होतं. किंबहुना हेडसरांनी असा ठराव मांडला की संकटाच्या काळात स्वच्छतेत कसूर होऊ नये. अनुमोदन मामीचं.

विहिरीचं सगळ्यात आधी मामीला कळलं. जिभेला कळायच्या आधी साबणाला कळतं. पहिल्या हौदात फेस कमी यायला लागला. तिने दुकानदाराला जाऊन झापलं, वडी बदलली, पुन्हा बदलली. तिसरी कंपनीही नापास झाली तेव्हा ती दुकानदाराशी भांडायची थांबली. अंगणात आली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि बराच वेळ तसंच धरून उभी राहिली. नेहमीचं पाणी, पण शेवटाला किंचित मचूळ. तिने ते मामाला सांगितलं आणि मामाने मला. गल्लीला सांगायचं नाही असं ठरलं. जणू सांगितलं नाही तर पाण्यालाही कळणार नव्हतं.

त्याच सुमारास मोजपट्टीबाई आल्या. पलीकडच्या शहरातल्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि बेटाबेटांवर किनाऱ्याची झाडं मोजत फिरायच्या. गळ्यात मोजपट्टी असायची, शिंप्याच्या असते तशी, म्हणून हे नाव. पहिले तीन रविवार त्या आमच्याबरोबर आल्या. कचरा मात्र उचलला नाही, उलट हातगाडीत टाकलेलं काय काय बाहेर काढून बघायच्या: शेवाळाचा गुंता, एखादी शेंग, वेलीचा तुकडा. वहीत लिहायच्या आणि परत ठेवून द्यायच्या. मामीला त्या आवडल्या नाहीत. दुसऱ्याने केर काढला की त्यात हात घालणारी बाई पहिल्यांदाच बघते आहे, असं ती म्हणाली.

चौथ्या रविवारी बाईंनी विचारलं, ताई, बेटाच्या पलीकडच्या बाजूला येता का माझ्याबरोबर? पलीकडच्या बाजूला खडकांमागे एक किनारा आहे. तिथे वाट जात नाही म्हणून मंडळ कधी पोचलं नाही. आम्ही त्याला उकिरडा म्हणायचो. मामाला एका इंजिनाची चाचणी घ्यायचीच होती. त्याच होडीतून आम्ही चौघं निघालो.

होडीतून उतरताना मामीने नाकाला रुमाल लावला. तो वासासाठी होता, पण मग रुमाल तसाच तोंडावर राहून गेला. समोर टेकडी होती. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी उंच, वरून खालपर्यंत मर्यादवेलीने झाकलेली, मधे मधे जांभळी फुलं. पायथ्याशी शेवाळाचे पट्टे, जुना वाळका, त्याच्या पुढचा अर्धवट कुजका, त्याच्या पुढचा ताजा ओला. प्रत्येक पट्ट्यामागे वाळूचा छोटा वरंबा धरलेला. बाटल्या होत्या, डाव्या चपलाही होत्या.

बाईंनी वाकून कुजलेल्या शेवाळाचा एक थर हाताने उचलला. खाली वाळू ओली होती आणि तिच्यात दोऱ्यासारखी पांढरी मुळं.

"ताई, वारा वाळू आणतो आणि वाराच नेतो. ती अडायला काहीतरी लागतं. आधी हे कुजकं अडवतं, मग यातच बी रुजतं, वेल धरते, टेकडी होते."

"आणि आमच्याकडे?" मामीने विचारलं.

"तुमच्याकडे अडायला काही राहिलं नाही."

"आम्ही काढलं ते."

बाईंनी तो थर होता तसा परत ठेवला. समुद्र चढतोय हेही खरं आहे, सगळं तुमच्यामुळे झालेलं नाही, असं म्हणाल्या.

"मग माझ्यामुळे किती?" मामी म्हणाली. "तुम्ही मोजता ना? मोजून सांगा."

"तेवढं मोजता येत नाही, ताई."

मामा एरवी इंजिनाच्या आवाजावरही दोन विनोद करतो. त्या दिवशी परत येताना तो इंजिनाकडे असा बघत होता की जणू सगळी चूक त्याचीच आहे.

दोन दिवसांनी दुकानात मंडळाची सभा झाली. मामीने इस्त्रीच्या टेबलाला टेकून सांगितलं, की पुढच्या रविवारपासून बाटल्या आणि जाळी तेवढी उचलायची. शेवाळाला, काड्यांना, वेलीला हात लावायचा नाही. आणि विहीर मचूळ व्हायला लागली आहे, हेही तिने त्याच दमात सांगून टाकलं.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. हेडसरांनी अकरा वर्षांच्या इतिवृत्ताच्या वह्या समोर ठेवल्या आणि एवढंच विचारलं, की मग हे सगळं चूक होतं का. लॉजवाला म्हणाला, वहिनी, पाहुणे माझ्याकडे वास घ्यायला येत नाहीत. कुणी म्हणालं, शहरातली बाई चार दिवस आली आणि आम्हाला समुद्र शिकवून गेली. पण सगळ्यात जास्त लागलं ते शेजारणीचं. ती मामीच्या बरोबरीने अकरा वर्षं वाकलेली.

"तू मला एकेक काडी वेचायला लावलीस," ती म्हणाली. "माझी कंबर गेली त्यात. आता म्हणतेस राहू दे?"

सभा संपली.

मग तिने एकटीने सुरू केलं. सोमवारी लॉन्ड्रीची दुपारची सुट्टी असायची. ती हातगाडी घेऊन धक्क्यामागच्या खड्ड्यापर्यंत जायची, आम्ही वर्षानुवर्षं टाकलेलं कुजकं शेवाळ भरायची आणि बाजारातून, माझ्या खिडकीसमोरून, किनाऱ्यावर आणून पसरायची. लोकांना आयतं नाटक मिळालं. आणि रविवारी झाडू कंपनी तेच शेवाळ दाताळ्याने ओढून खड्ड्यात परत नेऊन टाकायची. हे दोन महिने चाललं. एकाच शेवाळाने बेटाच्या इतक्या फेऱ्या मारल्या की आमच्या लाँचने त्या महिन्यांत मारल्या नसतील.

एका रविवारी ती दाताळ्यापुढे येऊन उभी राहिली. दाताळ्याच्या एका टोकाला हेडसर होते आणि दुसऱ्या टोकाला मी होतो. हो, मी. मंडळाचा चिटणीस, ठराव कायम होता, आणि खरं सांगायचं तर लोक मला मामीचा भाचा म्हणून हसत होते ते मला नको होतं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती, दातांकडे बघत होती.

"किती बारीक करून घेतलं रे मी हे," ती म्हणाली.

मी माझं टोक खाली ठेवलं. हेडसरांना एकट्याला ते ओढवेना, तेव्हा तेही थांबले. त्या दिवशी वाळूतच बसून तडजोड झाली: विहिरीसमोरची चाळीस पावलं मामीची. त्या भागासमोर एकाही लॉजची खिडकी नव्हती, म्हणून लॉजवालाही कबूल झाला. पावलं मोजली मामाने, आणि त्याने ती जरा लांब लांब टाकली हे सगळ्यांनी बघूनही कुणी बोललं नाही.

त्या चाळीस पावलांवर मामीने जे केलं ते मी कुणाच्या देवघरात पाहिलं नाही. उकिरड्याच्या किनाऱ्यावरून मामा होडीत घालून मर्यादवेलीचे तुकडे आणायचा. बाईंनी शिकवलं होतं तसे पेराशी कापून, अर्धे वाळूत पुरून, भोवती शेवाळाची उशी करून ती ते लावायची. सगळ्यात अवघड होतं ते न उचलणं. पानं पडायची, काड्या यायच्या, तिचा हात आपोआप पुढे जायचा आणि ती तो परत आणायची, तापलेल्या तव्याला लागल्यासारखा. एकदा तिने बाईंना मुद्दाम फोन करून विचारलं, की शेवाळात बाटलीची बुचं दिसताहेत, ती उचलली तर चालतील का. बाई म्हणाल्या, बुचं खुशाल उचला. मामा म्हणतो, इतकी आनंदात ती लग्नातही नव्हती.

पाऊस पडून गेल्यावर अकरा वेली धरल्या. वाळू वीतभर चढली. मामाने काठी रोवून तिच्यावर हॅक्सॉ ब्लेडने खूण केली होती, ती खूण बुजली. दोन फुलं आली. मग गल्लीतले लोक सकाळी उगाच त्या बाजूने चालायला जायला लागले. शेजारीण एक दिवस आली, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली की माझ्या दारासमोरही दोन तुकडे लावून दे. हेडसरांनी पुढच्या सभेसाठी चाळीसची साठ पावलं करण्याचा ठराव लिहायला सांगितला. तो मी लिहिला. त्यावर सभेची तारीख आहे, सही नाही.

सभेच्या चार दिवस आधी दुपारी उधाणाची भरती होती आणि वारा दक्षिणेचा. वादळसुद्धा नव्हतं. शाळा चालू होती, माझी लाँच वेळेवर सुटली होती. दोनच्या सुमाराला गल्लीतून निरोप आला आणि मी खिडकी बंद करून धावलो.

पाणी चाळीस पावलांवरून आलं नाही. तिथे ते आपटून मागे फिरत होतं. ते आलं दोन्ही बाजूंनी, जिथे आम्ही रेघा मारल्या होत्या तिथून, सपाट, काही न अडता, आणि टेकडीला वळसा घालून मागून विहिरीकडे निघालं. मामी अंगणात होती. तिने मोठ्या लॉजच्या धुतलेल्या, घडी घातलेल्या चादरी बाहेर आणल्या होत्या आणि चार टोकं धरून त्यांत ओली वाळू भरत होती. गाठ मारायची आणि विहिरीच्या कठड्यापुढे टाकायची. पांढऱ्याशुभ्र चादरी, निळीच्या पाण्यातून काढलेल्या. माझ्या आधी लॉजवाला पोचला होता. आपल्याच चादरी बघून तो क्षणभर थबकला, मग खाली बसून गाठी मारायला लागला. शेजारणीने स्वतःच्या घरातल्या आणल्या. एक तासभर ती चाळीस पावलं पाण्यात वेगळी उभी होती, बेटाच्या पुढे आणखी एक बेट असावं तशी. मग ती मागून खचली. त्यानंतर कठड्यावरून पाणी आत गेलं, फार आवाज न करता. आम्ही गाठी मारतच होतो.

तीन दिवस विहीर उपसली. मामाने होडीचा पंप लावला, गल्लीने बादल्या लावल्या. तळ दिसायचा, पाणी परत भरायचं, मामी हात बुडवून साबणाची वडी चोळायची. वडीवर पांढरट चिकट थर यायचा, फेस नाही. चौथ्या दिवशी मोजपट्टीबाई आल्या, त्यांनी यंत्र बुडवून बघितलं. म्हणाल्या, चांगले पाऊस झाले तर दोन-तीन वर्षांत गोडं पाणी खाऱ्याला खाली ढकलतं, मात्र पुढे वाळू शिल्लक असली पाहिजे. हे बोलताना त्यांची नजर टेकडी होती त्या बाजूला गेली. तिथून सरळ समुद्र दिसत होता.

त्या महिन्यात मंडळाने एकमताने ठराव केला, की शेवाळाला यापुढे कुणी हात लावायचा नाही. अकरा वर्षांत इतका एकमताचा ठराव झाला नव्हता. फक्त आता शेवाळ यायला किनारा नाही. ओहोटीलाही दगडच उघडे पडतात. शेवाळ येतं, दगडांवर आपटतं आणि परत जातं.

पलीकडून पाण्याचा पडाव, म्हणजे टाक्या लादलेली मोठी होडी, येतो, एक दिवसाआड. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी; धुण्यासाठी नाही, असं पालिकेचं पत्रक आहे. मामीचे तिन्ही हौद कोरडे पडले. लॉजच्या चादरी गोण्यांतून माझ्याच लाँचने शहरातल्या मशीनच्या लॉन्ड्रीत जातात, त्यांची पावती मी फाडतो.

एकदा मी गेलो तेव्हा ती निळीच्या हौदाच्या कठड्यावर बसली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून पालिकेच्या इंजिनिअरला दोन शिव्या दिल्या. मला वाटलं तिला बरं वाटेल.

"कुणी नासवलं असतं तर भांडले असते रे," ती म्हणाली. "चांगली भांडले असते."

मामा आत हात धूत होता, तो बराच वेळ धूतच राहिला.

गेल्या आठवड्यात दोघं खिडकीवर आली. शहरातल्या त्याच लॉन्ड्रीत मामीला काम मिळालं आहे, चादरी इस्त्री करायचं. सकाळच्या लाँचने जायचं, संध्याकाळच्या लाँचने यायचं. मामा तिच्या मागे उभा राहून मला सांगत होता, भाचेबुवा, महिन्याचा पास फाडा, यंदा पाऊस बरा आहे म्हणतात, उगाच लांबचा कशाला. त्याने ते दोनदा सांगितलं. मी महिन्याच्या पासांचं पुस्तक पुढे ओढलं.

मामीने पासासाठीचा फोटो काउंटरवर ठेवला.

"वर्षाचा दे," ती म्हणाली.